आबांच्या माशांचं दुखणं

मासा आजारी पडतो हे मला लग्न होऊन संसाराला लागेपर्यंत माहीत नव्हतं. मी इंदापूरची पोर. आमच्याकडं मासा म्हणजे उजनी धरणाचा. सकाळी पाटीतून दारात यायचा आणि दुपारी कालवणात जायचा. त्याला ताप आला, त्याचं पोट बिघडलं, असलं कुणी बोललं असतं तर घरच्यांनी त्यालाच दवाखान्यात नेऊन बसवलं असतं. आणि पुढं मीच बारामतीत, भर उन्हात, प्लास्टिकच्या पिशवीत एक आजारी मासा घेऊन दुकानदाराशी कचाकचा भांडत उभी राहिले. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आठवली की आजही माझं डोकं तापतं.

बरं, ते मासे माझे नव्हतेच. ते आबांचे होते. आबा म्हणजे माझे सासरे.

आबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचं. पुढं आमच्या भागात जिकडं तिकडं ऊस झाला, चरायला रान उरलं नाही, आणि कळप कमी होत होत कळंबजवळच्या वस्तीवर मूठभर मेंढरं राहिली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मेंढरं आणि आबा, दोघंच. एका सकाळी बांधावरून उतरताना ते पडले आणि खुबा मोडला. ओरडून ओरडून घसा बसला, कुणी ऐकायला नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दूध गोळा करणारा गडी तिकडून मोटरसायकलवर चालला होता, त्याच्या नजरेस पडले म्हणून वाचले. दवाखान्यात त्यांच्या खुब्यात सळी घातली, आणि ते खाटेवर पडून होते तेवढ्यात आमच्या ह्यांनी मेंढरं विकून टाकली. विचारलं नाही, सांगितलं नाही. आम्ही त्यांना बारामतीला आमच्या दोन खोल्यांत आणलं.

हे एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात होते. पाळी आज दिवसाची, उद्या रात्रीची. घरी असले की झोपलेले असायचे आणि जागे असले की कारखान्यात. मी दिवसभर भिंतींशी बोलायची. आबा आले आणि घरात बोलणारं माणूस आलं. माझे वडील तापट, त्यांनी मला कधी चार वाक्यं सलग ऐकवली नव्हती. आबा मला घाटातल्या वाटा सांगायचे, लांडग्याच्या गोष्टी सांगायचे, मी भाकरी थापताना चुलीशी बसल्यासारखे गॅसच्या ओट्याशी पाट टाकून बसायचे आणि मी काय म्हणते ते ऐकायचे. माझं ऐकणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला होता. मला ते हवे होते, सरळ सांगते.

पण त्यांना जायचं होतं. काठी घेऊन चार पावलं टाकता यायला लागली आणि रोजचं सुरू झालं.

"पोरी, मी आता जातो वस्तीवर."

"तितं कोण हाय तुमचं?"

"हितं तरी काय हाय? ह्या चार भिती."

मी भीती घालायची, हे चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिकडं ते एकटे पडले, पुन्हा घसरले, तर ह्या वेळी कोण बघणार होतं? मला रात्री झोप लागायची नाही.

अशात ह्यांच्या साहेबांची बदली झाली. सामानाच्या टेम्पोत काचेची टाकी मावेना, म्हणून ती आमच्या गळ्यात पडली. टाकी, तळाची वाळू, हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा पंप, आणि बादलीत घाबरलेले मासे. बरेचसे लाल गोल्डफिश आणि एक काळा, डोळे बाहेर आलेला. मी म्हटलं, झालं! आधीच जागा नाही, त्यात हे लचांड. पण आबांनी बादलीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही खात्यात काय?"

त्या दिवसापासून आबांची खुर्ची टाकीसमोर. संध्याकाळी दिवा लावला की ते बोट हलवत मासे मोजायचे. मासे एका जागी ठरत नाहीत, मोजणी चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. सगळे जमले की समाधानानं म्हणायचे, "भरली." कोण चपळ, कोण दांडगट, कोण दुसऱ्याचा घास पळवतो, सगळं त्यांना ठाऊक. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, काही दिवसांत 'मी जातो' हे बंद झालं. एकदम बंद! मी मनाशी गाठ मारली की हे मासे आहेत तोवर आबा आहेत. मासे जगले पाहिजेत, मग काय वाट्टेल ते होवो.

आणि मासे मरायला लागले.

पहिल्यांदा एका लाल माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. रव्याचे कण चिकटल्यासारखे. तो वाळूवर अंग घासायचा. मी टाकी रिकामी केली, वाळू चोळून चोळून धुतली, काच भांड्याच्या पावडरीनं लख्ख घासली, नळाचं ताजं पाणी भरलं. टाकी अशी चमकत होती की आबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो मासा उताणा तरंगत होता. आबांनी तो हातावर घेतला, काठी टेकत बाहेर गेले आणि कुंपणाच्या लिंबाखाली पुरून आले. त्या संध्याकाळी त्यांनी मोजलं नाही.

मी गावातलं माशांचं दुकान गाठलं. तिथं पोपटही होते, पिंजरेही होते, आणि फोटोच्या फ्रेमाही मिळायच्या. दुकानदार गल्ल्यामागून उठायचा नाही. मी ठिपक्यांचं सांगायला लागले, तेवढ्यात त्यानं एक निळी बाटली पुढं ठेवली.

"अहो, मी अजून पुरतं सांगितलं नाही."

"बाई, ठिपके असू द्या, पंख झडू द्या, औषध हेच. खडा मीठ टाका थोडं. पाणी पाव भाग बदलायचं, ते पण आठवड्यानं. सगळं धुवायचं नाही."

"सगळं नाही धुवायचं? मग घाण?"

"थोडी घाण लागती त्यांना."

असलं ज्ञान! पण मी ऐकलं. रोज संध्याकाळी निळं औषध टाकायचं, पाणी शाईसारखं व्हायचं, मासे त्यात सावल्यांसारखे फिरायचे. आबांना ते बघवत नसे. "ही काय निळीत बुडवायची कापडं हायती व्हय?" मी म्हणायची, "आबा, औषध हाय. गप बसा." आणि सकाळी बघावं तर पाणी स्वच्छ! निळेपणाचा मागमूस नाही. मला वाटलं, माशांनी पिऊन टाकलं. संध्याकाळी पुन्हा थेंब, सकाळी पुन्हा पांढरं. आणि मासे काही सुधारेनात. उलट वर येऊन तोंडांची उघडझाप करायचे, कल्ले लालभडक. आणखी एक गेला, मग आणखी एक.

मेलेला मासा कागदात गुंडाळून मी दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, मेलेला बघून काय कळतंय, जिवंत आणा. म्हणून जिवंत नेला. पाणी भरलेल्या पिशवीत, छातीशी धरून, उन्हातून चालत. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि तो उलटा झाला. मग मात्र माझा तोल गेला. भर दुकानात म्हटलं, "तुमचं औषध खोटं हाय! संध्याकाळी निळं, सकाळी पाण्यासारखं! रंग देऊन पैसे घेता!" पोपट घेणारं गिऱ्हाईक पोपट ठेवून निघून गेलं. दुकानदारही पेटला. म्हणाला, बाई, हा रंग दोन-दोन दिवस हटत नाही, तुमच्या घरात काय भुताटकी आहे का?

घरी आले तर शेजारीण दारात. तिला काळ्या माशाचं भारी कौतुक. म्हणायची, "काळा गेला की समजायचं घरावरचं संकट गेलं. त्यो आपल्या अंगावर घेतो." आबा आतून कडाडले, "आपलं संकट त्या मुक्या जिवानं का घ्यायचं? घ्यायचं त्यानं घ्यावं, ज्याला तोंड हाय!" शेजारीण फणकाऱ्यानं गेली. मला मात्र आतून धसका बसला, कारण काळा त्या दिवसांत कोपऱ्यात गप पडून असायचा.

सल्ले द्यायला तर अख्खी बारामती तयार होती. कुणी हळद टाका म्हणालं. कुणी विहिरीत टाकतात तसलं लाल औषध चिमूटभर टाका म्हणालं. हे तर झोपेतून उठून म्हणाले, "सगळे मरायच्या आधी तळून घे." मी लाटणं उगारलं तेव्हा हसत बाथरूममध्ये पळाले. बाजारात पळसदेवची एक बाई उजनीचे मासे घेऊन बसायची. मी तिला सुद्धा विचारलं, की मावशी, तुमच्या माशांना काही झालं तर तुम्ही काय करता? ती माझ्याकडं बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली. "आमी धरतो अन् इकतो, बया. त्याला बरं हाय का नाय, हे कोण इचारतंय!" बाजूच्या बायकाही हसल्या. मी चिलापी माशांचा वाटा न घेताच परतले.

मग काळ्याचं पोट फुगलं. असं फुगलं की अंगावरचे खवले उभे राहिले. आबा काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "वळखलं," एवढंच म्हणाले. मी विचारलं, काय ओळखलं? तर मान हलवली आणि जेवायलाही उठले नाहीत. मासे असे जात राहिले तर हे घरात कशासाठी राहतील?

आमच्याकडं नळ पहाटे यायचा, अंगणात. मी पिंप-बादल्या भरायची आणि मागच्या बाजूला दगडावर धुणं घेऊन बसायची. त्या दिवशी साबणाची वडी संपली म्हणून मध्येच उठून घरात आले.

आबा टाकीपाशी उभे होते. काठी भिंतीला टेकवलेली. एका हातानं टाकीची कड धरलेली आणि दुसऱ्या हातात तांब्या. टाकीतलं पाणी तांब्यानं काढायचं, लंगडत मोरीत ओतायचं, मग अंगणात जाऊन नळाखाली तांब्या भरायचा आणि परत येऊन टाकीत ओतायचा. फरशीवर निळसर पाण्याचे ओघळ. खुब्यात सळी घातलेला माणूस! मला टाकी भरायला मोठ्या बादल्या लागायच्या, आणि हे तांब्या तांब्यानं सगळं बदलत होते. रोज! निळ्याचं पांढरं कसं होत होतं, ते आता कळलं.

मी किंचाळले. "आबा! काय करताय तुमी!"

ते दचकले, तांब्यातलं पाणी सांडलं. मग शांतपणे म्हणाले, "शिळं पाणी काढतोय."

"कशाला? कुणी सांगितलं तुमाला?"

"सांगाय कशाला पायजे? डबक्याचं पाणी पिलं की मेंढराच्या गळ्याखाली पाणी उतरतं. लिव्हर सडती. पोट फुगून मरतं. काळ्याला त्येच झालंय. साचल्या पाण्यात जितराब ठिवलं की त्येच हुणार. वाहतं पाणी पायजे. हितं वढा न्हाय, म्हणून म्या तांब्यानं वाहतं करतोय."

साचल्या पाण्यानं मेंढरं मरतात हे खरंच आहे, कुणीही धनगर सांगेल. जन्मभर त्यांनी कळप डबक्यापासून वळवून ओढ्यावर नेला. पण ही मेंढरं नव्हती ना! मी फरशी पुसत पुसत रडले, रागानं रडले. आणि पहिल्यांदा नळाच्या पाण्याचा वास माझ्या नाकात नीट शिरला. जंतू मारायची पावडर. नगरपालिका त्या दिवसांत भरपूर टाकत होती. चहालासुद्धा तो वास यायचा.

त्याच दिवशी मी त्या दुकानदाराकडं गेले. जाऊ वाटत नव्हतं, पण गेले. नळाचं म्हटल्याबरोबर त्यानं कपाळावर हात मारला. "पहाटेचं? सरळ नळातून? बाई, त्या पावडरीनं कल्ले जळतात माशाचे. औषध घालून ते काय करणार? पाणी पिंपात भरून उघडं ठेवा, दोन दिवस उन्हात, वास उडू द्या. मग घाला, ते पण थोडं." आधी का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणतो, तुम्ही विचारलं नाही.

घरी येऊन आबांना समजावलं. हात जोडले. पिंपातलं पाणी घाला, दोन दिवस ठेवलेलं, हवं तर रोज घाला, पण नळाचं नको.

"दोन दिस ठिवलेलं? त्ये तर आणिक शिळं."

"आबा, नळाच्या पाण्यात औषध असतंय, त्यानं मरत्यात."

"आपुन त्येच पितो की. आपुन मेलो का?"

मी म्हटलं, बरं, दोन घमेली घेऊ. एकात तुमचं पाणी, एकात माझं. एकेक मासा सोडू आणि बघू काय होतंय. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी मान खाली गेली. "जिवावर परीक्षा करायची न्हाय," म्हणाले. संपलं.

तेव्हापासून लपवाछपवी गेली आणि उघड युद्ध सुरू झालं. मी पहाटे टाकीवर जुनी पाटी झाकून, वर वरवंटा ठेवून धुण्याला बसायची. ते वरवंटा उतरवायचे. मी तांब्या फळीवर वर ठेवला तर ते पेला घ्यायचे. सकाळी सकाळी आमचं वाजायचं आणि रात्रपाळी करून आलेले हे उशी डोक्यावर दाबून ओरडायचे, "त्या माशांपायी मलाच मारणार तुमी दोघं!" मला कळत नव्हतं की मी राग कुणावर काढू. जो माणूस टिकावा म्हणून मासे टिकवायचे, तोच माणूस आपल्या हातानं मासे संपवत होता, तेही जीव लावून. देवा, ह्याला मायेचा मार म्हणायचं की काय म्हणायचं! एकदा मी चिडून भाकरी करपवली आणि तीच त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी निमूटपणे खाल्ली. त्याचा मला जास्त राग आला.

टाकीत आता काळा आणि मोजके लाल उरले होते. मी आशा सोडली होती.

आणि मग नळच बंद झाला. कालव्याला पाणी सुटायची पाळी लांबली, गावच्या साठवण तलावात गाळ तेवढा उरला आणि नगरपालिकेनं हात वर केले. टँकर यायचा, बायकांची झुंबड उडायची, हंड्यावर हंडा आपटायचा. मिळेल ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. अंघोळी एका तांब्यात. माशांसाठी थेंब नव्हता. आबा पहाटे उठून अंगणात जायचे, कोरड्या नळाची चावी फिरवायचे, आतून फुस्स आवाज यायचा आणि ते परत येऊन खुर्चीत बसायचे.

"मरत्यात आता," म्हणायचे. "साचल्यात मरत्यात."

पाणी साचलेलं होतंच. हिरवट झालं, काचेवर बुळबुळीत थर आला. मला ओकारी यायची. मी माशांचं खाणंही कमी केलं होतं, कारण खाल्लं की घाण, आणि घाण काढायला पाणी कुठलं आणायचं? आम्ही दोघं दिवसभर त्या टाकीकडं बघत बसायचो. भांडायलाही काही उरलं नव्हतं.

पण कुणी मेलं नाही. आज नाही, उद्या नाही, परवा नाही. लालांचे कल्ले फिके झाले, वर येऊन तोंडांची उघडझाप करणं थांबलं. मग एका दुपारी काळा कोपऱ्यातून हलला. पोट उतरत चाललं होतं, खवले अंगाला चिकटायला लागले होते. तो त्या हिरव्या पाण्यात सावकाश एक फेरी मारून आला. मी आबांकडं बघितलं. त्यांनाही दिसलं होतं. मला वाटलं आता तरी म्हणतील, की पोरी, तुझंच खरं. छे! म्हणाले, "पाणी न्हवतं म्हणून नाइलाज झाला," आणि तोंडावर उपरणं घेऊन झोपले.

नळ पुन्हा सुरू झाला त्या पहाटे मी धुणं टाकून दारात येऊन उभी राहिले. आबा अंगणात नळाखाली तांब्या धरून बसले होते. भरला. त्यांनी तो नाकाशी नेला, वास घेतला, आणि तुळशीत ओतला. घरात आले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी जिंकले होते! काही दिवसांत टाकीतले मासे असे उंडारायला लागले की पंपाचे बुडबुडे फोडत पळायचे. मी पिंपातलं पाणी थोडं थोडं बदलायची, आबा खुर्चीतून बघायचे. संध्याकाळी पुन्हा मोजणी सुरू झाली. मी मनात म्हटलं, आता आबा कुठं जात नाहीत. त्या आनंदात मी पुरणपोळ्या केल्या.

त्याच आठवड्यात, सकाळी चहा प्याल्यावर आबांनी धोतरं घडी घालून पिशवीत भरायला घेतली.

"हे काय?"

"जातो वस्तीवर. दुपारची यष्टी हाय."

मला वाटलं, माझ्यावर रागावले. हरले म्हणून चिडले. मी पिशवी ओढून घेतली. "आबा, का? आता मासं बरं झालं की! सगळी टुणटुणीत झाली!"

"म्हणून तर."

"म्हणजे?"

आबांनी माझ्या हातून पिशवी सोडवून घेतली. "आजारी जितराब टाकून मेंढका हलत न्हाय, पोरी. बोलायचं सोडलं हुतं, पर म्या कवाच निगणार हुतो. पयला मासा आजारी पडला अन् पाय आडकला. म्हणलं, ही हुब्यानं चालती झाली की जाऊ. आता झाली."

मी भिंतीला टेकून खाली बसले. इतके दिवस, ते निळं औषध, ते दुकानदाराशी भांडण, वरवंटा, करपलेली भाकरी, सगळं कशासाठी? मासे जगले तर ते राहतील म्हणून. आणि ते तर मासे मरत होते म्हणून राहिले होते! आबांना घराबाहेर काढायला मीच रोज थेंब थेंब राबत होते. मला हसावं का डोकं आपटून घ्यावं कळेना.

हे उठले, चिडले, म्हणाले, पुन्हा पडलात तर मी येणार नाही. आबा म्हणाले, नको येऊ. मी कळंबातल्या एका लांबच्या जावेला निरोप धाडला की सकाळ-संध्याकाळ वस्तीवर डोकावत जा. आणि रिक्षानं आबांना स्टँडवर घेऊन गेले. गाडी लागलेली होती. त्यांनी पायरीवर काठी ठेवली, मी पिशवी धरून खाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी ठरवून बोलले नाही.

"मग मीच आजारी पडते, आबा. मग राहशीला?"

आबा वळले. मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, बाजारात जनावर बघावं तसं, आणि खळखळून हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुला काय धाड भरलीय! तुझी काळजी कुणाला लागत न्हाय, पोरी. तू खमकी हायस."

आणि चढले. खिडकीतून हात केला. गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली, धुरळा बसला, तरी मी तिथंच उभी होते. ते कौतुकानं बोलले होते, मनापासून. आयुष्यात मला लोकांनी खूप टाकून बोललं आहे, पण एवढा राग मला कुणाच्या शिवीचाही आला नाही.